दगडातला पाहुणा

सावंगीच्या दवाखान्यात दादा माझ्याशी शेवटचं बोलला, ते स्वतःबद्दल नव्हतं, वहिनीबद्दलही नव्हतं. नाकातली नळी सावरत म्हणाला, "सुमे, खिडकीतल्या त्या दोन फोडी एकत्रच ठेवजो. वेगळ्या करू नोको." मी हो म्हटलं. एवढ्या गुंगीतही याला दगडच आठवावेत म्हणून मनातून चिडलेही. दुसऱ्या दिवशी पहाटे निखिलचा, त्याच्या मुलाचा, फोन आला... त्याला महिना उलटला, पण ते वाक्य माझा पिच्छा सोडत नाही.

दादा वर्ध्याच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचा आणि राहायचा आंजीला, आमच्या शेतालगतच्या घरात. आमच्याकडे काळी माती आणि तिच्याखाली काळाच दगड. तो सोडून हा तरुणपणी अंदमानच्या पूर्वेकडच्या एका ज्वालामुखी बेटावर गेला आणि पोतंभर दगड घेऊन आला. आईला वाटलं होतं, शंखशिंपले आणेल! दगड नीट दिसावा म्हणून तो जिभेने ओला करायचा. कोरडा दगड काही बोलत नाही, म्हणायचा. गावात त्याला दगडचाट्या मास्तर म्हणत आणि तो खुशाल हसायचा. लग्नानंतर वहिनीने हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, हे काऊन दगड चाटून राह्यले वो? काही बाधा तं नाई ना?" मी पोट धरधरून हसले होते.

त्या पोत्यातला एक दगड त्याने यंत्रावर मधोमध कापून आणला आणि त्याच्या दोन्ही फोडी आपल्या खोलीच्या खिडकीत ठेवल्या. राखाडी, आणि पोटात लिंबाएवढा काळसर गोळा. त्या गोळ्याला दादा पाहुणा म्हणायचा. एका संक्रांतीला आईने तिळगुळाचा पाक बघायला वाटीतल्या थंड पाण्यात थेंब सोडला, त्याची गोळी झाली, तसा हा ताडकन उठलाच. "हेच होते तिथं! डोंगराच्या पोटात निवत चाललेला दाट रस पडून राह्यते, आन् खालून दुसरा येते, त्याच्याहून तापलेला. त्याचा गोळा ह्याच्यात शिरला का वरून लगेच आळते." मग फोड ओली करून त्याने आम्हाला दाखवलं. गोळ्याच्या कडेचे दाणे अगदी बारीक, आतले जाड. आणि आत कुठेतरी एकच पांढरा दाणा, राखाडी दगडातला, कडा झिजलेला. "भेटल्याबरोबर थिजला तो. पण थिजायच्या आधी थोडं एकमेकात गेलेच." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पाहुण्याच्या आचेनं झोपलेला जागा होते, सुमे. मंग डोंगर फुटते..."

चूक झाली ती अंत्ययात्रेच्या गडबडीत. पाण्याचं मडकं फोडायला दगड लागतो. तोच पुढे जीवखडा म्हणून दहाव्यापर्यंत जपतात, गेलेल्याचा जीव त्यात थांबतो असं मानतात. गावच्या नव्या स्मशानात सगळीकडे सिमेंट, म्हणून काकांनी निघताना घरूनच एक उचलला. या घरात दगडांना काय तोटा! दहाव्याला धाम नदीच्या काठी निखिलने फडक्यातून तो काढून पिंडाजवळ ठेवला. आंघोळीने त्याचे हात ओले होते, दगड ओला झाला आणि मला पाहुणा दिसला. काकांनी खिडकीतलीच एक फोड उचलली होती. मी काकांना सांगितलं. ते चपापले, पण म्हणाले, "आता तो दगड नाई राह्यला, सुमन. त्याचा जीव आहे तो. त्याले अडवू नोको." निखिलने आईकडे पाहिलं. वहिनी एवढंच म्हणाली, "सोड." डोहात अगदी लहानसा आवाज झाला.

तेव्हापासून खिडकीत एकच फोड आहे. वहिनी त्या खोलीत पाऊल टाकेना. भाजी निवडता निवडता तिने मला विचारलं, "बाई, जीव अर्धाच गेला का वो?" मी शाळेत विज्ञान शिकवलं, असल्या गोष्टी मी मानत नाही. पण त्या खोलीत मीही खिडकीकडे पाठ करून बसत नाही. वहिनी पुढे म्हणाली, "त्याईनंच सांगतलं ना, एकत्र ठेवजो म्हणून? मंग हे बी डोहात सोडू. त्याईले तिथं एकटं काऊन ठेवाचं?" मला ते पटलं, आणि सहनही झालं नाही. घरात दगड ढीगभर, पण दादाने जपायला सांगितलेलं असं तेवढंच तर उरलं होतं. तरी महिन्याच्या दिवशी डोहावर जायचं ठरलं. आदल्या दिवशी मी वर्ध्याहून मुक्कामाला गेले आणि फडकं घेऊन दगड बांधायला बसले. कोरडा ठक्क, वर धूळ. पाहुणा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, काही कळत नव्हतं. माझ्याने बांधवला नाही. फडकं शेजारी टाकून उठले.

सकाळी चहाचा कप घेऊन त्या खोलीत गेले. फडकं घडी करून पलंगावर ठेवलेलं, दगड खिडकीतच, कापलेली बाजू वर... आणि ओली. धूळ कुठेच नव्हती. गोळ्याची कड स्वच्छ दिसत होती, आतला तो पांढरा दाणासुद्धा. स्वयंपाकघरात वहिनी भाकरी थापत होती. मी तिला काही विचारलं नाही आणि तिनेही डोहाचं नाव काढलं नाही. दुपारच्या बसने मी वर्ध्याला निघाले. निघण्याआधी पुन्हा त्या खोलीत डोकावले. खिडकीत ऊन आलं होतं, सकाळचा ओलावा केव्हाच वाळायला हवा होता. दगड परत ओला होता.