मुर्ध्यातली प्लेगची तालीम

पुण्याहून निघताना आईनं माझ्या पिशवीत कापराची पुडी, मूठभर लवंगा आणि कडुनिंबाचा पाला कोंबला. मी म्हटलं, "अगं, मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते." ती म्हणाली, "म्हणूनच देतेय. तुझं काही झालं तर त्यांना कोण शिकवणार?"

१९९४ चा सप्टेंबर होता. सुरतेत प्लेग आल्याची बातमी छापून आली आणि इतकी वर्षं कुणी ढुंकून न पाहिलेल्या उंदरांना एकदम प्रतिष्ठा प्राप्त झाली. आमच्या आरोग्य खात्यालाही जाग आली. गुजरातकडून येणाऱ्या रेल्वेच्या वाटेवर जी गावं आहेत, तिथं साथ आली तर काय होईल, याची रंगीत तालीम घ्यायचं ठरलं. आमच्या पथकाच्या वाट्याला मीरा-भाईंदर आलं. पथकाचे प्रमुख डॉ. चांदवडकर. त्यांच्या गळ्यात स्टेथोस्कोपपेक्षा शिट्टी जास्त वेळ असायची. तालमीसाठी एक खोटा पेशंट हवा होता. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्यावर स्थिर केली. "बाई, तुमचा चेहरा मुळातच आजारी दिसतो. मेकअपचा खर्च वाचेल."

ठाण्याहून घोडबंदरच्या रस्त्यानं एस.टी. निघाली तेव्हा एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला मधूनच चमकणारी खाडी. काशीमिऱ्याला उतरले. काशीगावच्या बाजूला भातशेती हिरवीगार होती आणि तिच्या मधोमध, कुणीतरी विसरून गेल्यासारख्या, अर्धवट बांधलेल्या इमारती उभ्या होत्या. रिक्षावाल्यानं विचारलं, "मॅडम, सूरत से तो नहीं आये ना?" मी "पुणे" म्हटलं. तरीही त्यानं भाईंदरपर्यंत मान बाहेर काढूनच रिक्षा चालवली.

माझी मावसबहीण सुलू दोन वर्षांपूर्वी गिरगावातली खोली सोडून केबिन रोडजवळ फ्लॅटमध्ये आली होती. "तीन खोल्या आहेत गं आमच्या आता," असं ती सारखी सांगत होती. त्यातल्या एका खोलीत फक्त पाण्याची पिंपं होती. संध्याकाळी आम्ही केबिन रोडवर फिरायला गेलो. औषधाच्या दुकानापुढे ही गर्दी! टेट्रासायक्लिन संपलेलं, मास्क संपलेले. शेजारचा कापडवाला मात्र खुशीत होता. "बेन, मास्क नथी, पण रुमाल आहे. डबल घडी करा, प्लेगचा बाप पण आत नाय येणार." सुलूनं चार घेतले, साडीला मॅचिंग बघून.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांसोबत तालमीच्या गावी, मुर्ध्याला गेलो. भाईंदर पश्चिमेला बांधकामं मागे पडली की रस्ता खाडीच्या अंगानं जातो. जुन्या मिठागरांचे बांध उरलेत, मीठ नाही. त्यांच्या पाण्यात बगळे अगदी सरकारी चेहऱ्यानं उभे. गावात वाळत घातलेल्या जवळा-सुकटीचा वास इतका पक्का होता, की प्लेगचे जंतू वेशीवरूनच परत गेले असते.

तालमीसाठी मथुराबाईंची ओटी (घराचा पुढचा उघडा भाग) ठरली होती. मथुराबाई पन्नाशीच्या, आगरी, आवाज खणखणीत. आदल्या आठवड्यात त्यांनी हसत होकार दिला होता. आज मात्र त्यांचा चेहरा उतरलेला होता. त्यांचे यजमान गोमाशेठ दिसत नव्हते. विचारलं तर म्हणाल्या, "उत्तनला गेलेत."

योजना अशी: मी ओटीवर तापानं फणफणून निपचित पडायचं. मग कुणीतरी निरोप द्यायचा, अँब्युलन्स यायची, मास्क घातलेली माणसं मला स्ट्रेचरवर घालून वेगळ्या वॉर्डात नेणार. चांदवडकर ओटीसमोर अंगणात खुर्ची टाकून सगळं पाहणार. गावाला तालमीबद्दल सांगायचं नव्हतं. ते फक्त मथुराबाईंना ठाऊक होतं. "लोकांना खरं वाटलं तरच आपली तयारी कळेल," असं डॉक्टरांचं म्हणणं. माझ्या हाताला चिकटपट्टीनं सलाईनची नळी लावली. सुई टोचली नव्हती, ती तालमीच्या पेटीतच होती, पण बाटली खरी होती. डॉक्टरांनी बजावलं, "बाई, काही झालं तरी तोंड उघडायचं नाही. तुम्ही बेशुद्ध आहात."

पडल्या पडल्या ध्यानात आलं, की बेशुद्ध माणसाला सगळ्यात जास्त त्रास माश्यांचा होतो. गाव अंगणापलीकडे जमलं. "सुरतेची हाय." "न्हाय, पुन्याची हाय." "पुन्यालाबी पिलेग पोचला?" एका म्हातारीनं लांबूनच माझ्या दिशेनं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. दोन माझ्या नाकात गेल्या. मी प्राणपणानं शिंक आवरली.

मथुराबाई पदरानं वारा घालायच्या निमित्तानं माझ्याजवळ बसल्या आणि वाकून कुजबुजल्या, "बाय, तुमी नर्स हाव ना?"

मी डोळे मिटूनच "हं" केलं.

"मानसाला रातीपासना उलट्या आन् जुलाब जाले, त तो पिलेगच ना?"

खालून डॉक्टर ओरडले, "पेशंटशी बोलायचं नाही!" आणि शिट्टी वाजवली. मथुराबाई उठून आत गेल्या. पुन्हा आल्या. "हात-पाय गार परलेत. पिंढऱ्यांत गोळे येतात. बोलत पन न्हाय आता."

मी डोळे उघडले. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं.

"कुणाचे?"

"यांचे. मागं जाल्यांच्या खोपटात निजवलेत. रिक्षावर भोंगा लावून सांगत व्हते ना, आजारी मानूस दिसला त उचलून नेतील, घरच्यांना भेटू देनार न्हाय. म्हनून म्हनलं, तुमी ओटीवर असलाव त मागं कोन बघनार हाय?"

मी ताडकन उठले. नळी ओढून काढली, बाटली काखेत मारली, उशाची पेटी आणि पिशवी उचलली आणि घराच्या मागं धावले. माझ्या पाठीमागं जे झालं ते मी पाहिलं नाही, फक्त ऐकलं. प्लेगनं मरायला टेकलेली बाई उठून पळतेय, हे पाहून सगळं गाव एका दमात किंचाळलं आणि खाडीच्या दिशेनं पळत सुटलं. त्यात चांदवडकरांची शिट्टीही वाजत होती आणि मधेमधे त्यांचा आवाज, "बाई, तुम्ही बेशुद्ध आहात! बेशुद्ध!"

खोपटात अंधार आणि जाळ्यांचा वास. गोमाशेठ एका गोणपाटावर पडले होते. एरवी दणकट माणूस असणार, पण डोळे खोल गेलेले, गाल बसलेले, जीभ कोरडी ठक्क. हाताची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहिली. नाडी कशीबशी लागत होती. हा प्लेग नव्हता. अंगातलं पाणी निघून गेलं होतं, आणि आणखी थोडा वेळ असाच गेला असता तर माणूसही गेला असता.

"डॉक्टर!" मी ओरडले. "खरा पेशंट आहे!"

चांदवडकर दारात आले, एक क्षण पाहिलं आणि शिट्टी गळ्यातून काढून खिशात टाकली. मला वाटत होतं, या माणसानं फायलींच्या पलीकडं वर्षानुवर्षं काही हातात धरलं नसेल. ते गुडघ्यांवर बसले. माझ्याच तालमीच्या पेटीतून सुई काढली. शीर सापडेना, पहिल्यांदा चुकली. त्यांच्या कपाळावरून घाम टपकत होता. दुसऱ्यांदा लागली. मी बाटली उंच धरली आणि पिशवीतला कापूर, लवंगा, पाला सगळं बाजूला फेकून मीठ-साखरेच्या पाण्यासाठी तांब्या शोधायला मथुराबाईंना पिटाळलं.

तेवढ्यात अँब्युलन्सचा ड्रायव्हर वाघमारे चालत आला. मूळचा नांदेडकडचा, भाईंदर पूर्वेला राहणारा. "मॅडम, तुम्ही तर उभ्या हायेत! मग पेशंट कोण?" त्याला गोमाशेठ दाखवले. तो म्हणाला, "गाडी गल्लीत येईना बघा. इटांचा ट्रक आडवा लागलाय, ड्रायव्हर पळून गेलाय. माझ्यासंगं आलेली मास्कवाली पोरंबी पळाली. सगळं गावच पळून गेलंय. काय झालं इथं?"

स्ट्रेचर उचलायला माणसं हवी होती आणि माणसं बांधावर उभी राहून आमच्याकडं बघत होती. डॉक्टरांनी हात जोडले, प्लेग नाही म्हणून ओरडून सांगितलं. कुणी हललं नाही. कसं हलणार? अर्ध्या तासापूर्वी आम्हीच प्लेग आणून ओटीवर झोपवला होता.

मग मथुराबाई बांधाकडं गेल्या. "अरे ए, पानी गेलाय यांच्या आंगातला! ही बाय सोंग करत व्हती, सोंग! सरकारी नाटक! तुमची होरी दर्यात बुरत व्हती तवा कोन आलता? हा गोमाच ना? का मी एकटीनं उचलू?"

आधी दोन बायका आल्या. मग त्यांचे नवरे, खाली बघत. मुर्ध्याच्या गल्लीतून गोमाशेठची वरात निघाली: पुढं वाघमारे, मागं बायका, मध्ये मी, हाताला अजून चिकटपट्टी लोंबत असलेली, बाटली उंच धरून. विटांच्या ट्रकवरून स्ट्रेचर अलगद हातोहात पार केलं.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गोमाशेठना भेटायला गेले तेव्हा ते उठून बसले होते. "पिलेग न्हाय ना? मंग मना घरी सोरा." मथुराबाईंनी डबा आणला होता: तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं (खाडीच्या चिखलात उड्या मारणारे मासे) कालवण. पेशंटला ते चालणार नव्हतं, म्हणून त्यांच्या डोळ्यांदेखत ते मी, वाघमारे आणि चांदवडकरांनी संपवलं. गोमाशेठनी आम्हाला आगरी बोलीत जे काही म्हटलं, त्याचा अर्थ मी कुणाला विचारला नाही.

डॉक्टर हात धुताना म्हणाले, "बाई, आपण खाटा मोजल्या, गोळ्या मोजल्या, मास्क मोजले. माणूस आपल्यालाच घाबरून लपेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही." मग हात पुसत, "पुढच्या गावात तालमीचं आधी सांगू. शिट्टी मात्र ठेवू." मुर्ध्यात त्यांनी तालमीच्या दिवशी दुपारीच भोंग्याचा मजकूर बदलून घेतला होता: दवाखान्यात घरचं माणूस सोबत राहू शकतं, हे पहिल्यांदा, बाकी सगळं नंतर.

परतीच्या एस.टी.ला काशीमिऱ्याला तोबा गर्दी होती. मला कशीबशी खिडकीजवळ जागा मिळाली. आठवडाभर उन्हात आणि खाडीच्या वाऱ्यात फिरून माझा घसा बसला होता, अंगही तापलं होतं. ठाण्याच्या स्टँडवर तपासणीचे कर्मचारी चढले. रुमाल बांधलेली एक मुलगी, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची, प्रत्येकाला विचारत पुढं येत होती. "ताप, खोकला काही?" सगळे "नाही" म्हणत होते. माझ्यापुढचा माणूस खोकता खोकता "नाही" म्हणाला.

ती माझ्यापाशी आली. मला पुण्यात पोचायचं होतं. घरी जेवायचं होतं. अनोळखी वॉर्डात, अशा मुलींसमोर वेगळं काढून ठेवलं जाण्याची लाज वाटत होती. "नाही" हा शब्द जिभेवर आयता तयार होता, आणि खोपटातल्या अंधारात नवऱ्याला लपवणारी मथुराबाई मला प्रथमच पुरती कळली.

"ताई, ताप वगैरे?"

"आहे," मी म्हटलं. "थोडा."

पापणी लवायच्या आत माझ्या आजूबाजूच्या तीन सीट रिकाम्या झाल्या. ती मुलगी मात्र पुढं सरकली, माझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "घाबरू नका, मी आहे सोबत."