बाईसाहेबांची गाडी

ड्यूटीवरून आले की सायकल भिंतीला टेकवता टेकवताच मामा विचारायचे, "बाईसाहेब जेवल्या का?" नव्या माणसाला वाटे, बायकोची काय ही कदर! मग आतून मामींचा आवाज येई, "जेवल्या बाप्पा. आता माणसांनी जेवलं तर चालते का?" बाईसाहेब म्हणजे मागच्या अंगणातली एक लंगडी कोंबडी.

हिंदी मुलखातल्या रांझी वस्तीत आमची घरं शेजारी-शेजारी, मधे एक बुटकी भिंत. मामा लष्करी सामानाच्या फॅक्टरीत फिटर, मी तिथेच नुकता लागलेला कारकून. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांच्या अंगणात नऊ कोंबड्या होत्या आणि एक कोंबडा. बाईसाहेब पिल्लू असताना मुंगसाने त्यांचा पाय धरला. मामांनी मुंगसाला हाकललं, जीव वाचला, पण पाय वाळून गेला. त्या एका पायावर उभ्या राहत आणि दोन पावलांत कलंडत. दाणे टाकले की बाकीच्या त्यांना टोचून बाजूला सारत. डोक्यावरची पिसं तर केव्हाच उपटली गेली होती.

मी एकदा सुचवलं, हिला घरात वेगळी ठेवा. मामा म्हणाले, "नजरेआड झाली का परकी होते. मग परत घेत नाहीत, मारूनच टाकतात." म्हणून ते तिला मोठ्या टोपलीखाली ऐन कळपाच्या मधोमध बसवून जेवू घालत. बाकीच्यांनी पाहावं, टोचू मात्र नये. सुट्टीच्या दिवशी टोपली उचलून स्वतः काठी घेऊन शेजारी बसत. मामींचे भाऊ शहरातल्या चेरीताल मोहल्ल्यातून आले की तिच्याकडे पाहत रश्श्याचा विषय काढत. त्या दिवशी मामा मुद्दाम वांग्याची भाजी करायला सांगत.

एकाहत्तरची लढाई सुरू झाली. बारा-बारा तासांची ड्यूटी, खिडक्यांना काळा कागद, गेटवर जाता-येता झडती. नेमक्या त्याच दिवसांत मामांच्या डोक्यात गाडी शिरली. बाईसाहेबांना कापडी झोळीत ठेवायचं, बाजूंना दोन चाकं, आणि चांगला पाय जमिनीला टेकलेला. फॅक्टरीतला खिळाही ते घरी आणत नसत, पण जेवणाच्या सुट्टीत विचार करायला बंदी नव्हती. त्यांनी एका कागदावर चित्र काढलं, मापं लिहिली, वजन लिहिलं आणि कागद खिशात ठेवला.

संध्याकाळी गेटवर तो सापडला.

मी रांगेत त्यांच्या मागेच होतो. जवानाने कागद उलटसुलट पाहिला. दोन चाकं, मधे लांबट धड, एका टोकाला बाण आणि बाणापाशी लिहिलेलं, 'तोंड इकडे'. हे काय आहे, असं त्याने विचारलं. मामा म्हणाले, "मुर्गी की गाड़ी है, भैया."

रांगेत कोणी हसलं नाही. सिक्युरिटीच्या साहेबांना बोलावलं गेलं. त्यांनी कागद पाहिला, मामांना पाहिलं, आणि रांगेला विचारलं, इनको कौन जानता है?

मी गप्प राहिलो. हे लिहिताना अजूनही जड जातं. नोकरी नवी होती आणि मी घाबरलो होतो. मामांनी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे कोणाचं लक्ष जाऊ नये, म्हणूनच असावं. ते मला सहन होईना. मी पुढे झालो आणि म्हणालो, "मैं जानता हूँ, साहब. मुर्गी है. सच में है."

साहेबांनी आम्हा दोघांना जीपमध्ये घातलं आणि खात्री करायला थेट गल्लीत आले. सगळी गल्ली दारात. मामींनी कोणाला काही विचारलं नाही. त्या तडक अंगणात गेल्या, बाईसाहेबांना उचललं आणि साहेबांच्या हातात देत म्हणाल्या, "हीच असेल कारण. घेऊन जा."

साहेबांनी आयुष्यात कोंबडी धरली नसावी. त्यांनी ती घाईने खाली ठेवली. बाईसाहेब उभ्या राहिल्या, दोन पावलं चालल्या, कलंडल्या, पुन्हा उठल्या. साहेब उकिडवे बसून बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी कागद काढला, पेन मागितलं आणि चाकांवर एक रेघ ओढली. "पहिए इतने पीछे रहेंगे तो आगे गिरेगी. थोड़ा बीच में लाइए." कागद मात्र ऑफिसात जमा राहील, आणि लेखी खुलासा द्यावा लागेल, असंही सांगितलं. खुलासा मी लिहिला: उक्त वाहन केवल मुर्गी के उपयोग हेतु.

त्या रात्री मी भिंतीपाशी जाऊन मामांची माफी मागितली. ते म्हणाले, "बोलला ना तू? थोडा वेळ लागला, इतकंच."

गाडी झाली. चाकं बूटपॉलिशच्या डब्यांच्या झाकणांची, झोळी मामींच्या जुन्या पोलक्याची. पहिल्या दिवशी झाकणांचा खडखडाट ऐकून कोंबडा माझ्या अंगणात उडी मारून आला आणि दुपारपर्यंत परत गेला नाही. आठवड्याभरात बाईसाहेब सगळ्यांच्या आधी दाण्यांपाशी पोचू लागल्या. बाकीच्या वाट देत. टोचायला कोणाची छाती होत नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात मामा रिटायर होऊन चेरीतालला राहायला गेले. आठ कोंबड्या आणि कोंबडा त्यांनी आम्हाला दिला. सामान आधीच गेलं होतं. शेवटी एक रिक्षा आली, तिच्यात मामी बसल्या आणि त्यांच्या मांडीवर बाईसाहेब. मामा सायकलवर मागून निघाले. ऊन रणरणत होतं. रिक्षा कोपऱ्यावर वळताना मी पाहिलं, मामींनी पदर पुढे ओढून कोंबडीवर सावली धरली होती. मामांच्या टकलावर मात्र ऊनच होतं.