दाराबाहेरचे शूज

उन्हाळ्याची सुट्टी संपत आली की माझी चिडचिड सुरू होते. एकदम वर्गात उभं राहणं जमत नाही. म्हणून शाळा उघडायच्या आठवडाभर आधी मी रहाटणीहून गाडी काढते, माझ्या शाळेच्या गावी, निघोज्याला जाते आणि माझ्या वर्गातली पोरं गावाहून परतली का, ते त्यांच्या भाड्याच्या खोल्यांवर जाऊन बघते.

बहुतेकांचे वडील कंपनीत. दिवसा दाराबाहेर सेफ्टी शूज दिसले की कडी वाजवायची नाही, हे इथं सगळेच पाळतात. आत कुणीतरी रात्रपाळी करून झोपलेलं असतं.

यंदा तिसरीत येणाऱ्या एका मुलीच्या दाराशी असेच शूज होते. मी परत फिरणार, तोच तिनं खिडकीतून मला पाहिलं आणि दार अलगद ओढून घेत बाहेर आली.

"बाई, आमी कालच आलो," ती कुजबुजली. मामाचं गाव, म्हशीचं रेडकू, विहिरीतलं पोहणं, सगळं तिनं कुजबुजतच सांगितलं. मीही नकळत तशीच बोलू लागले.

बोलत बोलत आम्ही रस्त्यापर्यंत आलो. तिथं तिनं मागं वळून खोली किती लांब राहिली ते पाहिलं आणि छाती भरून ओरडली, "बाई, शाळा कधी उघडणार?"

"सोमवारी!" मीही ओरडले.

गाडी सुरू केली, पण पाय निघेना. वर्गात दिवसभर माझ्या तोंडी एकच वाक्य असतं: आवाज बंद.