फ्राऊबाईंचं पोस्ट ऑफिस

"डावा हात वर करा."

फ्राऊबाईंच्या ऑनलाइन तासाची सुरुवात या वाक्याने व्हायची. विद्यार्थी स्क्रीनवर स्वतःचा फोटो लावून खुशाल झोपा काढतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून नाव पुकारलं की डावा हात वर करायचा, हा नियम झाला. डावाच का, असं मी एकदा विचारलं. "उजवा सगळेच करतात," त्या म्हणाल्या. आम्ही नऊ घोडे झालेले विद्यार्थी, त्यात साठी उलटलेला रिटायर्ड प्लंबर डेव्हसुद्धा, मुकाट्याने डावे हात वर करायचो.

त्या मूळच्या पुण्याच्या. क्लेटन या आमच्या उपनगरातल्या कम्युनिटी हॉलमध्ये दर शनिवारी जर्मन शिकवायच्या. जर्मनमध्ये 'फ्राऊ' म्हणजे बाईच, पण नुसतं फ्राऊ म्हणायला आमची जीभ धजेना, म्हणून माझ्या वर्गातल्या तेजसने त्यांचं फ्राऊबाई करून टाकलं. मी तेव्हा जवळच्याच युनिमध्ये मास्टर्स करत होते. वर्गाची एक एक्स्चेंज ट्रिप जर्मनीतल्या एका छोट्या शहरात जायची होती, त्या लोभाने मी नाव घातलं होतं. ट्रिपच्या महिनाभर आधी सीमा बंद झाल्या आणि आम्ही सगळे घरात अडकलो.

संशय हा बाईंचा स्थायीभाव होता. बसच्या वेळापत्रकावर त्यांचा विश्वास नव्हता, हवामानाच्या अंदाजावर नव्हता. लॉकडाऊनमध्ये मी दोन गल्ल्या पलीकडे राहायची म्हणून आठवड्याचं दूध त्यांना नेऊन द्यायची. जाळीच्या दाराआडून त्या आधी बाटलीवरची तारीख वाचायच्या, मग माझ्याकडे बघायच्या. "पुढच्या रांगेतलीच उचललीस ना? मागची काढायची असते. पुढे जुना माल लावतात हे लोक." पुढच्या वेळी मी फ्रिजमध्ये खांद्यापर्यंत हात घालून मागची बाटली काढली, तर म्हणाल्या, "मागची म्हणून पुढचीच आणली नाहीस कशावरून?"

पण जी बाई सगळ्यांवर संशय घेते तिच्याबद्दल लोकांना संशय येणारच. ट्रिपच्या त्या शहराचा विषय निघाला की बाई बोलत सुटायच्या. स्टेशनातून बाहेर पडलं की ट्रामचे रूळ, मग कारंजं, कारंज्याच्या डावीकडे बेकरी, बेकरीवरून वळलं की पोस्ट ऑफिस. त्याला चार खिडक्या आणि दारात पिवळी पेटी. ऐकताना वाटायचं, ही बाई काल संध्याकाळी तिथे पत्र टाकून आली आहे. आणि "बाई, तुम्ही शेवटच्या कधी गेला होतात?" असं विचारलं, की लगेच वहीकडे बोट. "क्रियापदं पाठ झाली का?" त्यांच्याकडे तिथला एकही फोटो नव्हता. तेजस म्हणायचा, "चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!" मला ते पटायचं. खरं सांगते, पटायला आवडायचंही.

ट्रिप गेली तरी बाईंनी शहर सोडलं नाही. तिथल्या शाळेतले शिक्षक हेर, म्हणजे श्रीयुत, वेबर आमचे यजमान असणार होते. बाईंनी त्यांना गळ घातली, की एक दिवस फोन हातात धरून आम्हाला अख्खं शहर दाखवा. आम्ही दक्षिण गोलार्धात, म्हणून आमच्याकडे हिवाळ्यातल्या संध्याकाळचे सहा, तिकडे उन्हाळ्यातली सकाळ. बाई त्या दिवशी रेशमी साडी नेसून स्क्रीनवर आल्या. गळ्यात मोत्यांची माळ होती. आम्ही सगळे पायजम्यात, आणि बाई जणू विमानातून उतरलेल्या.

सुरुवातीलाच त्यांनी वेबरसाहेबांना डावा हात वर करायला लावला. मग चर्चच्या मनोऱ्यावरचं घड्याळ दाखवायला सांगितलं, जुनी चित्रफीत नाही ना याची खात्री करायला. "आता सावली दाखवा." त्या बिचाऱ्याने स्वतःची सावलीही दाखवली. डेव्ह हसून हसून लाल झाला. "She'd make a bloody good detective, mate!"

स्टेशन झालं. ट्रामचे रूळ नव्हते, पण बाई म्हणाल्या, बुजवले असतील. कारंजं आलं, बेकरी आली. बाईंचा आवाज चढला. "आता वळा. समोर पोस्ट ऑफिस."

वेबर वळले. समोर मोबाईलचं दुकान होतं.

"तुम्ही चुकीच्या रस्त्यावर आहात," बाई जर्मनमध्ये म्हणाल्या. वेबर नम्रपणे म्हणाले, की ते जन्मापासून इथेच राहतात. "मग तुम्ही मला दुसरीच बेकरी दाखवली. मागे जा." ते मागे गेले, पुन्हा वळले. पुन्हा मोबाईलचं दुकान.

नेमकं तेव्हा मी तेजसला चॅटवर लिहिलं, "बाई जर्मनीला कधी गेल्याच नाहीत. पैज." आणि पाठवल्यावर पाहिलं तर ते तेजसला एकट्याला न जाता सगळ्यांना गेलं होतं.

बाईंचा चष्मा स्क्रीनजवळ आला. ओठ हलले. डेव्हला मराठी कुठून येणार? तो म्हणाला, "What's that say, Frau?"

बाईंनी मोत्यांची माळ सरळ केली. "It says I have never been to Germany," त्या म्हणाल्या. "It is correct."

मला लॅपटॉप मिटून टाकावासा वाटला, पण हात उचलला तरी सगळ्यांना दिसला असता.

पुढचं त्या अगदी सपाट आवाजात बोलल्या. पुण्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतलेल्या एका पुस्तकावर त्या जर्मन शिकल्या. प्रत्येक धडा याच शहरातला होता आणि मधल्या पानावर शहराचा नकाशा होता. आधी लग्न, मग व्हिसा, मग नवऱ्याचं आजारपण, जाणं राहतच गेलं. या वर्षीचं तिकीट पहिलंच होतं. "तुम्हाला मी रस्ते शिकवले ते खोटे असतील तर..." एवढं म्हणून त्या थांबल्या. वीस वर्षं शिकवलेलं शहर मुळात होतं की नाही, हा प्रश्न त्यांना पडला होता, आणि तो माझ्यामुळे चारचौघांत पडला होता.

वेबरसाहेब शहाणे गृहस्थ. रस्त्यावरून एक म्हातारी कुत्रा घेऊन चालली होती, तिला त्यांनी लांबूनच हाक मारली. इथे पूर्वी काय होतं हो? आजीबाई मास्कमधून ओरडल्या, "पोस्ट ऑफिस! मी इथूनच नवऱ्याला पत्रं टाकायची."

आता बाई रडतील असं मला वाटलं. कसल्या रडताहेत! त्या उलटतपासणीला बसल्या. "खिडक्या किती होत्या?"

"तीन."

"चार," बाई म्हणाल्या.

आजीबाईंनी भिंतीकडे पाहिलं, बोटांवर मोजलं. "चार. बरोबर. एक नेहमी बंद असायची."

"बघा," बाई आम्हाला म्हणाल्या. नुसतं "बघा." त्या वेळचा त्यांचा चेहरा मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी दूध घेऊन गेले तेव्हा दारातच मी रडायला लागले. मास्क ओला झाला. जाळीआडून बाई म्हणाल्या, "संशय घेतलास ते बरोबरच केलंस. पण पाठवताना कुणाला जातंय ते बघावं गं. तेवढा संशय स्वतःवरही घ्यावा." मग बाटलीवरची तारीख वाचली आणि आत गेल्या.

विमानं सुरू झाल्याबरोबर बाई पुण्याला बहिणीकडे गेल्या. तिथे त्यांचं हृदय कमकुवत झालं आणि डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला. लांबलेली ट्रिप अखेर निघाली तेव्हा आम्ही सात जण गेलो, बाईंशिवाय. शहर पाहायच्या दिवशी सगळे किल्ला चढायला गेले आणि मी बेकरीवरून वळून मोबाईलच्या दुकानासमोर उभी राहिले. बाईंना व्हिडिओ कॉल लावला. उशीला टेकून बसल्या होत्या, फार वाळल्या होत्या.

"डावा हात वर कर."

केला.

"पोस्ट आहे का गं?"

त्यांना सगळं माहीत होतं. तरी विचारत होत्या. मी दुकानाच्या काचेतल्या फोनच्या जाहिरातींकडे पाहिलं आणि म्हणाले, "आहे, बाई. चार खिडक्या."

आता म्हणतील, कॅमेरा फिरव. मी वाट पाहिली. त्या म्हणाल्या नाहीत.

"मग एक कार्ड टाक मला तिथून."

खरं पोस्ट ऑफिस स्टेशनापलीकडे, वीस मिनिटांच्या अंतरावर होतं. मी धावत गेले. खिडकीवरच्या माणसाला हातापाया पडून सांगितलं, की शिक्का स्पष्ट मारा, शहराचं नाव नीट उठलं पाहिजे. त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं, पण मारला.

दीड महिन्याने बाईंच्या बहिणीचा फोन आला. बाई गेल्या होत्या. कार्ड त्याच्या आठवडाभर आधी पोचलं होतं. "मजकूर तिने वाचलासुद्धा नाही आधी," बहीण म्हणाली. "भिंग मागवलं, खिडकीपाशी नेऊन बसव म्हणाली, आणि तो शिक्का कितीतरी वेळ तपासत बसली. एकेक अक्षर लावून शहराचं नाव वाचलं. मग मला म्हणाली, 'आहे गं. शहर आहे खरं.'"