न भुंकणारा टायगर

सरकारी ऑफिसात काम साठतं, असं लोक म्हणतात. काम कसलं साठतंय! साठतात ते किस्से. कामाची फाईल निदान वरच्या ऑफिसला धाडून मोकळं होता येतं. किस्सा वर धाडता येत नाही. आम्ही चौघं होतो तोवर चहाबरोबर वाटून घ्यायचो. आता दोघं गेले, आणि त्यांच्या वाटणीचेही मलाच सांगावे लागतात.

चौघं म्हणजे हेडक्लार्क साळवे तात्या, जीपचे ड्रायव्हर मुलाणी, शिपाई बबन आणि मी. अंथुर्ण्याच्या पुढे कालव्याच्या कडेला आमचं पाण्याचं ऑफिस होतं. मी बारामतीहून एसटीने यायचो. तात्या ऑफिसच्या मागच्या क्वार्टरमध्ये राहायचे. मस्टरवर ते डी. टी. साळवे, साहेबांना नुसते साळवे, बाकी पंचक्रोशीला तात्या. त्यातल्या ‘डी’चं पुढं काय होतं, हे विचारायची आम्हाला कधी गरज पडली नाही.

नव्वद सालानंतरची गोष्ट. वहिनींचं, म्हणजे तात्यांच्या मंडळींचं, हृदय अशक्त झालं होतं. बारामतीचे डॉक्टर म्हणाले, "बाईंना एकटं ठेवू नका." मुलगी सोलापूरला नांदत होती आणि तात्यांच्या रजा संपल्या होत्या. तेव्हा तात्यांनी ठरवलं, कुत्रं पाळायचं. वहिनी पडल्या-बिडल्या तर भुंकेल, ऑफिसात ऐकू येईल. बिनपगारी, पण कायम!

* * *

पिल्लू आणलं बबनने, त्याच्या कळंबच्या घराजवळच्या एका धनगराकडून. आई अस्सल कारवानी जातीची शिकारी कुत्री, सशाच्या मागे सुटली तर दिसायची नाही. बाप कोण, ते धनगराला ठाऊक नव्हतं आणि आईने सांगितलं नव्हतं.

बबनने ते बाजाराच्या पिशवीत घातलं आणि एसटीत चढला. कंडक्टर म्हणाला, "पिशवीत काय हाय?"

"वांगी."

तेवढ्यात पिशवी कण्हली. कंडक्टरने बबनकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि तिकीट फाडत म्हणाला, "लईच ताजी हायत की!"

* * *

पिल्लू म्हणजे नुसते पाय. त्यावर बरगड्या, आणि पुढे उगाच लांबवलेलं तोंड. वहिनींनी दारातूनच पाहिलं.

"ह्यो माझी सोबत करणार? ह्यालाच कुणीतरी सोबत बघा आदी."

तात्यांनी ऐटीत नाव ठेवलं टायगर. दूध, भाकरी, अंडी, काय नाही घातलं! बरगड्या होत्या तशाच. त्या जातीची अंगलटच तशी, पण हे पाणी-अर्ज घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांना कोण सांगणार? ते व्हरांड्यात बसून कुत्र्याकडे बघत आणि मग तात्यांकडे.

शेवटी एक म्हातारा न राहवून म्हणाला, "तात्या, सरकार तुमाला पगार देतंय न्हवं?"

* * *

महिना झाला तरी टायगर रुळेना. तात्यांनी हाक मारली की तो दुसरीकडे बघायचा. बबनने उपाय काढला. भाकरीचा तुकडा दिवसभर काखेत धरायचा आणि संध्याकाळी कुत्र्याला घालायचा. ज्याचा घाम खाल्ला, त्याचं ते जन्माचं होतं म्हणे!

तात्या वाचणारे माणूस. घरात ग्रंथांचं कपाट, अंधश्रद्धेवर भाषणं द्यायचे. पण बायकोचं दुखणं माणसाला काय काय करायला लावतं! दुसऱ्या दिवशी डावा हात अंगाला चिकटवून टेबलाशी बसले. साहेब आले.

"साळवे, हाताला काय झालं?"

"आखडलाय, साहेब."

"हलवा जरा. बसून बसून असंच होतं."

तात्यांनी हलवला. तुकडा साहेबांच्या बुटाजवळ पडला. साहेब काही बोलले नाहीत. तसे ते कुठल्याच विषयावर काही बोलत नसत.

संध्याकाळी तोच तुकडा झटकून टायगरपुढे ठेवला. त्याने वास घेतला, मान फिरवली आणि जाऊन वहिनींच्या मागे उभा राहिला.

वहिनी म्हणाल्या, "मुकं हाय ते. खुळं न्हाय!"

* * *

मुकं मात्र खरंच होतं. ही कुत्री मुळात कमी भुंकतात, हे आम्हाला नंतर कळलं. ज्या कामासाठी आणलं तेवढं एकच काम त्याला येत नव्हतं. म्हणजे कायम नोकरीला अगदी लायक.

तात्यांनी जिद्द धरली. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या मागून भुंकण्याचा आवाज आला. मी खिडकीतून डोकावलो. तात्या कमरेत वाकून, चष्मा सावरत भुंकत होते आणि टायगर मान वाकडी करून शांतपणे ऐकत होता.

व्हरांड्यात एक शेतकरी बसला होता. तो दबक्या आवाजात मला म्हणाला, "आज साहेब लईच तापल्यात जनू!"

मी हसलो. तात्या आत आले ते घामाने भिजून. पाणी प्यायले आणि म्हणाले, "हसा. पण ही तिकडं एकटी पडली, तर मला सांगणार कोण?"



* * *

एकदा सशाच्या मागे टायगर उसात घुसला. उभा ऊस, त्यात कुत्रं शोधणं म्हणजे आमच्या ऑफिसात जुना अर्ज शोधणं. आम्ही चौघं कालव्यावर उभं राहून "टायगर! टायगर!" ओरडलो. मुलाणींनी जीपचा हॉर्न वाजवून बॅटरी उतरवली. मग आम्ही जीप ढकलत परत आलो.

क्वार्टरच्या ओट्यावर वहिनी तांदूळ निवडत होत्या. पायाशी टायगर.

"हा कधी आला?" तात्या.

"हाक मारली, आला."

"आम्ही दुपारभर घसा फोडतोय!"

"टायगर म्हनून? त्ये का नाव हाय त्याचं?"

"मग काय आहे?"

वहिनींनी पदर तोंडाला लावला, सूप उचललं आणि आत गेल्या. मी त्यांना इतकं लाजताना पूर्वी पाहिलं नव्हतं. तात्या बाहेरून विचारत राहिले, "अगं, काय नाव ठेवलंयस?" आतून फक्त भांड्यांचा आवाज आला.

* * *

मग वहिनींचं दुखणं वाढलं. जीपने बारामतीच्या दवाखान्यात नेलं, मीही बरोबर होतो. तात्या डॉक्टरांना गाठायला गेले आणि केसपेपरच्या खिडकीशी वहिनी आणि मी.

खिडकीतला माणूस म्हणाला, "नवऱ्याचं नाव?"

वहिनी गप्प.

"बाई, नवऱ्याचं नाव ठाऊक नाही?"

"ठावं हाय. घेत न्हाय."

"मग उखाण्यात घ्या, मागं रांग लागलीय!"

"तात्या लिवा. समदे वळखत्यात."

त्याने खरंच ‘तात्या’ लिहिलं. जीपमध्ये परत येताना तात्या चिडले होते. "आपण दीक्षा घेतली. देव सोडले, उपास सोडले, नवस सोडले. आता नवऱ्याचं नाव घ्यायला काय होतं गं तुला?"

वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "देव सोडनं सोपं हुतं."

* * *

पुढचं सांगतो तो किस्सा नाही, पण त्याशिवाय शेवटचा किस्सा सांगता येत नाही.

उन्हाळ्यात एके दुपारी तात्या जेवायला घरी गेले, तर वहिनी दाराच्या उंबऱ्याशी पडलेल्या. टायगर अंगाला अंग लावून बसलेला. तो भुंकला नव्हता. डॉक्टर म्हणाले, भुंकला असता तरी उपयोग नव्हता. डॉक्टरांना असं म्हणावंच लागतं.

तात्या कुत्र्याला एका शब्दाने बोलले नाहीत. टायगर म्हणायचं मात्र त्यांनी सोडलं.

* * *

कुत्र्याने तो उंबरा धरला. खाणं नावापुरतं, बाहेर जाणं गरजेपुरतं. तात्यांची रिटायरमेंट जवळ आलेली, क्वार्टर सोडून सोलापूरला मुलीकडे जायचं होतं. दोरी बांधून ओढलं, तर ते अंग टाकून द्यायचं. उचलून जीपमध्ये ठेवलं, तर उडी मारून परत उंबऱ्यावर.

"ऱ्हाऊ द्या हितंच," बबन म्हणाला. "भाकरीचं मी बगतो."

"तिचं होतं ते," तात्या म्हणाले. "ते इथं टाकून जाऊ? तिनं काय नाव ठेवलं होतं, तेवढं कळलं असतं तर आलं असतं माझ्यामागं."

मग आम्ही नावं सुचवायला लागलो. बबनने मोत्या, खंड्या, वाघ्या अशी गावातली सगळी कुत्री संपवली. मुलाणींनी सिनेमातले हिरो घेतले, मी इतिहासातले राजे घेतले. कुत्र्याचा कानही हलला नाही. मुलाणींनी शेवटी जोरात "राजा!" अशी हाक मारली, तर व्हरांड्यातून राजाराम नावाचा शेतकरी उठून म्हणाला, "आलो जी! झाला का माजा अर्ज?"

तात्याही हसले. वहिनी गेल्यापासून पहिल्यांदा. आणि हसता हसता म्हणाले, "जाऊ द्या. नाव तिच्याबरोबर गेलं."

* * *

निरोप समारंभ ऑफिस आणि क्वार्टरच्या मधल्या लिंबाखाली होता. लग्नाच्या मांडववाल्याकडून माईक आणि कर्णा आणला होता. मुलगी-जावई सोलापूरहून आले होते, सामान टेम्पोत भरून झालं होतं. कुत्रं रिकाम्या क्वार्टरच्या उंबऱ्यावर पडून होतं.

साहेब नुकतेच बदलून आलेले. तात्या म्हणायची त्यांना सवय नव्हती, म्हणून ते ऑर्डरवर होतं तसं वाचू लागले.

"श्री. दिनकर तुकाराम साळवे..."

तिकडे उंबऱ्यावर कुत्र्याने मान वर केली. मला वाटलं, कर्णा किंचाळला म्हणून.

"दिनकरराव हे अत्यंत मनमिळाऊ..."

कुत्रं उठलं.

"दिनकर..." साहेब कागद उलटण्यापुरते थांबले, आणि कुत्रं पायऱ्या उतरून खुर्च्यांमधून सरळ चालत आलं. लोक हसले. "हाड्, हाड्!" करत बबन धावला. ते कुणाकडे न बघता कर्ण्यापाशी गेलं, पुढून हुंगलं, मागे जाऊन पाहिलं. मग कर्ण्याकडे तोंड करून शेपटी हलवत उभं राहिलं.

तात्या गळ्यातल्या हारासकट उठले होते. त्यांचा हात बबनला थांबवायला वर गेला, तो वरच राहिला.

"साहेब," ते म्हणाले, "परत एकदा घ्या की."

"काय घेऊ, साळवे?"

"नाव."