घळीतली ओल

रानोहिराच्या फाट्यावर वडापची गाडी थांबली की पाठीवर बिऱ्हाड घेतलेली पाहुणेमंडळी तिच्यातून एकेक करून बाहेर पडत. सोळा जणांच्या गाडीत सव्वीस जण, पायाशी कोंबड्या, टपावर सायकली. उतरणाऱ्याला आपले पाय आपलेच आहेत ना, याची खात्री करून घ्यायला जरा वेळ लागे. बेटाच्या राजधानीपासून गावोगाव थांबत, डोंगरातल्या सुतारांच्या खेड्यांत मुक्काम करत, पूर्वेच्या ओल्या रानात जळवा अंगावर घेत ही मंडळी महिन्या-दीड महिन्याने इथवर पोचत. इथे त्यांना इसालोचं राष्ट्रीय उद्यान बघायचं असे. आणि वाटाड्या घेतल्याशिवाय उद्यानात पाऊल टाकायचं नाही असा नियम असल्यामुळे त्यांना त्सिवेरी लागे.

त्सिवेरी बावीस वर्षं वाटाड्या होता. त्याआधी गावातल्या कुठल्याही पोरासारखा गुरांमागे. लिहायला-वाचायला बेताचंच, पण कान पक्का. फ्रेंचमधली चारशे वाक्यं, इंग्रजीतली अडीचशे आणि इटालियनमधली साठेक त्याला तोंडपाठ होती. कुठल्या खडकापाशी कुठलं वाक्य म्हणायचं हे ठरलेलं. विनोदाची जागा आली की तो थांबे, लोक हसत, मग तो चालू लागे. गेली पाच वर्षं त्याला स्वतःला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं.

लेमुरांच्या घळीत शिरताना डाव्या हाताला, छातीएवढ्या उंचीवर, खडकात एक कपार आहे. तिचं तोंड दगड रचून बुजवलेलं. तिथे आला की त्सिवेरी बोट वाकवून ती दाखवी, कारण थडग्याकडे सरळ बोट कोणी करत नाही. मग सांगे, "आमच्याकडे माणसाला दोनदा पुरतात. आधी इथे खाली. पुढे काही वर्षांनी हाडं नव्या कापडात बांधून वर त्या कड्यात, पूर्वजांपाशी." लोक माना वर करून कड्याकडे बघत आणि हमखास विचारत, "ह्याच्यात कोण आहे?"

"इथल्याच एका घरचं माणूस," त्सिवेरी म्हणे आणि पुढे चालू लागे.

ते घर त्याचं होतं. कपारीत सोआझारा होती, त्याची एकुलती एक मुलगी. पाच वर्षांपूर्वी भर पावसाळ्यात तिला ताप भरला. रस्ता वाहून गेलेला, गाड्या बंद. चौथ्या दिवशी ती गेली. नऊ वर्षांची होती.

तेव्हापासून त्सिवेरीला काही होत नव्हतं. रडू नाही, राग नाही, भूक लागली तरी ती दुसऱ्या कोणाची तरी असल्यासारखी. गावाला वाटलं, गडी खंबीर आहे. खंबीर कसला! मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो ना, तसा तो अख्खाच्या अख्खा बधिर झाला होता, आणि मुंग्या यायचंही चिन्ह नव्हतं.

त्यांच्या घराण्याची रीत अशी, की खालचं माणूस वर न्यायचं ते त्याने स्वतः मागितल्यावरच. ते कोणाच्या तरी स्वप्नात येतं, मला इथे गारठा लागतो म्हणतं. ज्याला स्वप्न पडेल त्याने त्याच दिवशी, ऊन माथ्यावर यायच्या आत, घराण्यातल्या थोरल्याला सांगायचं. मग सगळे जमतात, बैल कापतात आणि मेलेल्याला वर नेतात. हे लपवायचं नसतं. लपवावं असं कोणाच्या मनातही येत नाही, कारण निरोप आपल्याला आलेला असला तरी आपला नसतो.

दोन वर्षांपूर्वी एका पहाटे सोआझारा बापाच्या स्वप्नात आली. घळीतच उभी होती. म्हणाली, "बाबा, इथे ओल आहे. माझे पाय सारखे ओले राहतात. आईला सांग."

त्याने आईला सांगितलं नाही. थोरल्या काकांनाही नाही. कारण अगदी साधं होतं. वरच्या कड्याला वाट नाही. दोर लावून चार तरणे गडी चढतात, गाठोडं ठेवतात, उतरतात, आणि पुढे तिकडे कोणी फिरकत नाही. ती खाली होती तोवर आठवड्यातून तीनदा तो तिच्यासमोरून जाई. जाऊन काही वाटत नसे, पण जाई. आयुष्यात सोडवणार नाही अशी त्याच्याकडे ती एकच गोष्ट उरली होती. ती गेली असती तर त्याने चालायचं तरी कशासाठी?

इतर वाटाडे त्याची टिंगल करत. सगळ्यांना धबधब्याची वाट हवी असे, तिथे सावली आहे आणि पाहुणे खूष होतात. त्सिवेरी मात्र कचेरीत जाऊन दर वेळी तीच घळ मागून घेई.

"घळ काय तुझ्या सासऱ्याने आंदण दिलीय का रे?" झाफी नावाचा त्याचा जुना सोबती विचारी.

"हो. तुला जावई व्हायचंय का?" त्सिवेरी म्हणे. सगळे हसत. हे वाक्यही पाठ झालेलंच होतं.

घरी नोरो होती. त्याची बायको. मुलगी गेल्यावर तिने आपलं अंथरूण ईशान्येच्या कोपऱ्याकडे सरकवलं, पूर्वजांच्या कोपऱ्याकडे, म्हणजे येणाऱ्याला शोधावं लागू नये. रोज सकाळी भाताच्या खरवडीचं पाणी उकळून ती त्याच्यासमोर ठेवी आणि विचारी, "सोआझाराचे बाबा, काल कोणी आलं होतं?"

"नाही," तो म्हणे.

"माझ्याकडेही नाही." मग थोडं थांबून, "रुसलीय माझ्यावर. शेवटच्या दिवशी मांडीवर घे म्हणत होती आणि मी चुलीपाशी बसले होते. आले आले म्हणत राहिले."

"पाणी गार होतंय, पी," तो म्हणे.

दोन वर्षं, रोज सकाळी. त्याला त्यात काही लागत नसे. खरं सांगायचं तर ती काय म्हणते हेच त्याच्यापर्यंत पोचत नसे.

त्या सप्टेंबरात मारिट नावाची एक बाई आली. पन्नाशीची, एकटी, थंड मुलखातली. दोन महिने बेट पालथं घालत होती, वडापने, बैलगाडीने, पायी. खेड्यात शाळेच्या ओसरीवर झोपायची आणि मिळेल ते खायची. बडबडी होती. तीन दिवसांची चाल ठरली. पहिले दोन दिवस ती बोलली आणि त्सिवेरीने वाक्यं म्हटली. तिसऱ्या दिवशी दुपारी घळीतून गावाकडे उतरताना आभाळ भरून आलं.

इथल्या पावसाला अजून दीड-दोन महिने अवकाश होता. पण तो आला, आणि आला तो असा की समोरचा खडक दिसेना. ओढ्याला लाल पाणी चढलं. उतरायची वाट पाण्याखाली गेली.

"इकडे, मादाम!" त्सिवेरी ओरडला आणि तिला हाताला धरून कडेच्या खडकाच्या पोटाशी घेऊन गेला. घळीत तेवढाच एक आडोसा होता. कपार तिथेच होती.

मारिटने पाठीवरची पिशवी उतरवली आणि रचलेल्या दगडांना टेकवली.

"पिशवी तिथे नको, मादाम."

"का? अगं बाई, हे थडगं नाही का! चुकले." तिने घाईघाईने पिशवी उचलून पायाशी घेतली. "मघाशी दोनदा पुरण्याचं सांगत होतात ते हेच?"

त्सिवेरीचं लक्ष नव्हतं. तो दगडांकडे बघत होता. बावीस वर्षांत असा पाऊस लागला की तो पाहुण्यांना घेऊन वरूनच परत फिरत असे. पाऊस पडत असताना इथे कधी उभा राहिला नव्हता. कपारीच्या वर खडकाला एक बारीक चीर होती. तिच्यातून पाणी येत होतं. थेंब थेंब नव्हे, धार होती. ती कपारीच्या तोंडाशी येत नव्हती, मागच्या मागे आत जात होती, आणि खालच्या दगडांच्या सांध्यांतून बाहेर झिरपत होती. त्याने दगडावर तळहात ठेवला. पाच वर्षांत पहिल्यांदाच. दगड बर्फासारखा गार होता आणि हाताला हिरवं शेवाळ लागलं, जुनं, जाड.

"ह्याच्यात कोण आहे?" मारिटने विचारलं.

"इथल्याच एका घरचं माणूस," त्सिवेरी म्हणाला. पुढे चालायला वाट नव्हती. म्हणून थांबला, आणि म्हणाला, "माझी मुलगी."

मारिटने पिशवीवरचं पावसाचं झाकण काढलं, भगवं, प्लास्टिकचं, आणि त्याच्यासमोर धरलं. "हे घालता येईल का वर? चालतं का तुमच्यात?"

त्सिवेरीने झाकणाकडे पाहिलं. गळक्या छपराचं काम बघायला आलेल्या गवंड्यासारखा म्हणाला, "वरून झाकून उपयोग नाही, मादाम. पाणी आतून येतंय."

"मग काय करतात अशा वेळी?"

"वर न्यायचं."

"कधी नेणार?"

यावर त्याच्याकडे फ्रेंचमध्ये वाक्य नव्हतं. त्याच्या स्वतःच्या भाषेतही नव्हतं. दोघं पाणी उतरेपर्यंत तिथे उभे राहिले. त्याने हात दगडावरून काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मारिट पुढच्या गाडीने समुद्राकडे गेली आणि त्सिवेरी सकाळीच थोरल्या काकांकडे गेला. माहातोकी काका, त्याच्या बापाचे थोरले भाऊ, घराण्याचे म्होरके. अंगणात चिंचेखाली बसून दोर वळत होते. पलीकडे काकांच्या सुनांबरोबर नोरो भात कांडत होती. ती रोजच सकाळी तिकडे असे.

"थोरले काका, सोआझारा आली होती. वर न्या म्हणतेय."

काकांच्या हातातला दोर थांबला. चेहरा खुलला. "आली? शेवटी आली पोर! अरे, मी म्हणतच होतो, एवढी शहाणी मुलगी, इतके दिवस गप्प कशी. पाऊस सुरू व्हायच्या आत उरकून टाकू. काल रात्री आली का?"

"नाही."

"मग परवा?"

"दोन वर्षं झाली."

काकांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते उठून उभे राहिले. "दोन वर्षं? दोन पावसाळे पोरगी पाण्यात बसली आणि तू माणसं घेऊन तिच्यासमोरून नाचत होतास? गुरं राखली असतीस तर बरं झालं असतं, निदान गुरांची तरी लाज वाटली असती तुला! मी दर वर्षी विचारतो, कोणाकडे कोणी आलं का. तू मान हलवतोस. कोणाला फसवत होतास रे, मला की तिला?"

"ती वर गेली की मला दिसणार नाही, काका."

"आणि आता दिसते का?"

काका शिव्या देत होते आणि त्या कोरड्या दगडावर पडाव्यात तशा त्सिवेरीवर पडत होत्या. मुसळांचा आवाज केव्हाच थांबला होता. नोरो हातात मुसळ तसंच धरून येऊन उभी राहिली होती.

"काय घातलं होतं तिने?" तिने विचारलं.

"पिवळा झगा."

"केस?"

"वेण्या होत्या. तू घालायचीस तशा."

"माझ्यावर रागावलेली होती का?"

"नाही. म्हणाली, इथे ओल आहे, आईला सांग."

"आईला सांग म्हणाली?"

"हो."

नोरोने मुसळ जमिनीवर ठेवलं, हळू, आवाज न करता. "मी रोज सकाळी विचारत होते, सोआझाराचे बाबा."

"हो."

"रोज."

"हो."

काका काहीतरी म्हणणार होते, पण नोरोने हात वर केला आणि ते चक्क खाली बसले. सुना एकमेकींकडे बघत होत्या. "तिने सांगितलं, मग तुम्ही तिला काय म्हणालात?" नोरोने विचारलं.

हे त्याने आजवर स्वतःलाही विचारू दिलं नव्हतं. स्वप्नात त्याच्या मागे सात-आठ पाहुणे उभे होते, पाठीवर पिशव्या घेऊन, पुढच्या वाक्याची वाट बघत.

"म्हटलं, थांब जरा, पाहुणे आहेत."

"मग?"

"मग काही नाही. बरं म्हणाली." मग, पाच वर्षांनी, हा दणकट बाप्या काकांच्या अंगणात, सुनांच्या देखत, खाली बसून लहान पोरासारखा रडायला लागला. "बरं बाबा म्हणाली, आणि तिथेच दगडावर बसली."

नोरोने त्याला रडू दिलं. जवळ गेली नाही, डोळे पुसले नाहीत. मग पदराला लागलेला कोंडा झटकला आणि म्हणाली,

"उठा. बैलाचं, कापडाचं काका बघतील. आपण आधी जाऊन येऊ. पाहुणे गेले म्हणून सांगू तिला."