पत्त्यातलं पारडू

उल्हासनगरच्या एका खेळांच्या दुकानात रविवारी लढाऊ प्राण्यांच्या चित्रांच्या पत्त्यांची स्पर्धा असायची. पाकीट फोडायचं, एक पत्ता स्वतःला ठेवायचा, उरलेले शेजाऱ्याकडे सरकवायचे, आणि जमलेल्या पत्त्यांनी एकमेकांशी लढायचं. चामटोलीहून आलेला एक दूधवाला इतरांनी सोडलेली जनावरंच उचलत गेला. रेडे, म्हशी, एक पारडू. ड्रॅगन जमवणारे आम्ही हसलो. तो मात्र गुरांच्या पाठीवर मारावी तशी थाप मारून पत्ता ठेवायचा, आणि सगळ्यांना हरवत फायनलला माझ्यासमोर येऊन बसला.

आता नियमाप्रमाणे त्याने पारडूचा पत्ता बळी दिला की त्याचा थोरला रेडा डावात उतरणार आणि मी संपणार. पोरं ओरडली, "दे डालो, काका!"

त्याने पत्ते पालथे घातले. "हरलो मी."

मी हबकलोच. "अहो काका, जिंकत होता ना तुम्ही!"

"पारडू मारून? मग संध्याकाळी धार काढायला म्हशीखाली कुठल्या तोंडानं बसू?"